फायरफॉक्सचा सर्च बार अपग्रेडनंतर: कामाचा, पण बिघडला की मुका

सिस्टीम अपग्रेड होते, फायरफॉक्स उघडतो, वरच्या ॲड्रेस बारमध्ये शब्द टाइप करून एंटर दाबावं तर काहीच घडत नाही. पान नाही, सूचना नाही, साधा एररही नाही. एरवी या बारला नावं ठेवायला फारशी जागा नाही. शब्दाआधी * टाकला की फक्त बुकमार्क, ^ टाकला की हिस्टरी, % टाकला की उघडे टॅब, ही सोय एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही. खरी परीक्षा होते ती अपग्रेडनंतर.

सर्च बार दिसतच नसेल तर तो बिघाड समजू नका. आवृत्ती ५७पासून, म्हणजे नोव्हेंबर २०१७पासून, नव्या प्रोफाइलमध्ये (बुकमार्क, हिस्टरी, सेटिंग्ज साठवणारा तुमचा फोल्डर) फक्त ॲड्रेस बार असतो; वेगळा सर्च बार 'कस्टमाइझ टूलबार'मधून टूलबारवर आणावा लागतो. म्हणून जुना बार अचानक गायब झाला, की अनेकदा अर्थ असा: तुम्ही नव्या, रिकाम्या प्रोफाइलवर आहात. बुकमार्कही दिसत नसतील तर ही शक्यता आणखी दाट. आवृत्ती ६७पासून (मे २०१९) प्रत्येक इन्स्टॉलेशनची प्रोफाइल वेगळी असते आणि ती इन्स्टॉलेशनच्या फोल्डरशी बांधलेली असते. अपग्रेडमध्ये हा फोल्डर बदलला की फायरफॉक्स स्वतःला नवा समजतो. उबुंटू २२.०४ या लिनक्समध्ये जुन्या डेब पॅकेजच्या जागी स्नॅप हा बंदिस्त पॅकेजचा प्रकार आला, तेव्हा तर प्रोफाइलचं घरच बदललं: होममधल्या डॉट-मोझिला फोल्डरऐवजी स्नॅप, फायरफॉक्स, कॉमन या वाटेवर.

उपाय सोपा आहे. ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' (about:profiles, इंग्रजी अक्षरांत) लिहा, यादीतली जुनी प्रोफाइल नव्या विंडोत उघडून बघा आणि तीच असेल तर डीफॉल्ट करा. स्नॅपला होममधले लपवलेले फोल्डर एरवी खुले नसतात, त्यामुळे तिथे जुनी प्रोफाइल आपोआप आली नसेल, तर ब्राउझर बंद ठेवून तिचा फोल्डर नव्या जागी कॉपी करावा लागतो. मात्र जुनी प्रोफाइल नव्या आवृत्तीत चालते, उलटं नाही. फायरफॉक्स अडवतो तेव्हा त्याचं ऐका. जबरदस्तीने आवृत्ती मागे नेली तर डेटाबेसचं वाटोळं होऊ शकतं.

आता मुका एंटर. इथे वेगळा सर्च बार निदानासाठी कामी येतो, आणि फक्त एवढ्यासाठीही तो टूलबारवर ठेवावा. सर्च बार चालतो पण ॲड्रेस बार शब्दालाच पत्ता समजून सर्व्हर सापडत नसल्याचं सांगतो, असं असेल तर 'अबाउट:कॉन्फिग' (about:config) या आतल्या सेटिंग्जच्या पानावर 'कीवर्ड डॉट एनेबल्ड' (keyword.enabled) ही नोंद बघा. ती फॉल्स असेल तर ट्रू करा, काम संपलं. दोन्ही बार गप्प असतील आणि सेटिंग्जमधली सर्च इंजिनांची यादीही रिकामी असेल, तर सर्चची यंत्रणाच सुरू झालेली नाही.

अशा वेळी आधी ब्राउझर पूर्ण बंद करा. विंडो बंद करणं पुरेसं नाही, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेस उरली नाही ना ते पाहा. लिनक्सवर पॅकेज अपग्रेड चालू ब्राउझरच्या पायाखालच्या फाइली बदलतं, आणि जुनी प्रोसेस नव्या फाइलींशी जुळत नाही. पुन्हा उघडूनही तेच असेल तर मदत मेनूतून ट्रबलशूट मोड, म्हणजे एक्स्टेंशन बंद ठेवून चालणारा फायरफॉक्स. तिथे शोध चालला, तर दोष एखाद्या एक्स्टेंशनचा किंवा बारची रचना बदलणाऱ्या 'युजरक्रोम' सीएसएस फाइलचा.

तिथेही चाललं नाही तर वळा 'सर्च डॉट जेसन डॉट एमओझेडएलझेड४' (search.json.mozlz4) या फाइलकडे. इंजिनांची यादी हिच्यातच असते. 'अबाउट:सपोर्ट' (about:support) या तांत्रिक माहितीच्या पानावरून प्रोफाइल फोल्डर उघडा, ब्राउझर बंद करा आणि फाइलचं नाव बदला. डिलीट करू नका. पुढच्या वेळी ती नव्याने तयार होते. तुम्ही जोडलेली इंजिनं, त्यांचे कीवर्ड आणि क्रम मात्र पुन्हा लावावे लागतील.

नाव बदलूनही फाइल तयार होत नसेल, तर फोल्डरची मालकी तपासा. लिनक्सवर कधीतरी सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, फायरफॉक्स चालवला असेल तर फाइली रूटच्या (त्या प्रशासकाच्या) नावावर जाऊ शकतात आणि साध्या वापरकर्त्याला त्यात लिहिता येत नाही. टर्मिनलमध्ये 'एलएस -एल' (ls -l) या कमांडने मालक दिसतो, 'चओन -आर'ने (chown -R) फोल्डर परत आपल्या नावावर करता येतो.

शोध चालतो पण हिस्टरीतल्या सूचना येत नाहीत, हे दुखणं वेगळं. ते 'प्लेसेस डॉट एसक्यूलाइट'चं, म्हणजे हिस्टरी आणि बुकमार्क साठवणाऱ्या डेटाबेसचं. 'अबाउट:सपोर्ट'मध्ये खाली या डेटाबेसची तपासणी करणारं बटण आहे; किरकोळ बिघाड ते स्वतःच दुरुस्त करतं. हे पान म्हणजे या ब्राउझरची सर्वात जमेची बाजू, पण बार गप्प होतो तेव्हा तो या पानाकडे बोटही दाखवत नाही. खरी तक्रार ही.

डीफॉल्ट इंजिन बदलून पुन्हा पहिल्यासारखं होत असेल तर 'अबाउट:पॉलिसीज' (about:policies) उघडा. तिथे नोंदी सक्रिय असतील, तर पॉलिसी, म्हणजे सेटिंग्ज बाहेरून ठरवणारे नियम, कुणीतरी, कधी कधी पॅकेजनेच, लावलेली आहे.

देवनागरीत टाइप करणाऱ्यांसाठी एक जादा अडचण. आवृत्ती १२१पासून (डिसेंबर २०२३) लिनक्सवर, सत्र वेलँडचं (विंडो पडद्यावर दाखवणारी नवी यंत्रणा) असेल, तर फायरफॉक्स तेच आपणहून वापरतो. कीबोर्ड बदलूनही बारमध्ये अक्षर उमटत नसेल, तर 'अबाउट:सपोर्ट'मध्ये विंडो प्रोटोकॉलची ओळ बघा आणि 'मोझ एनेबल वेलँड' (MOZ_ENABLE_WAYLAND) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ० करून ब्राउझर उघडा. मग अक्षरं नीट आली, तर दोष बारचा नाही, इनपुट मेथड (देवनागरी टाइप करून देणारी यंत्रणा) आणि वेलँडच्या जोडणीचा आहे.

'रिफ्रेश फायरफॉक्स' हे बटण सगळ्यात शेवटी. बुकमार्क, हिस्टरी, पासवर्ड आणि कुकीज राहतात; एक्स्टेंशन, जोडलेली इंजिनं आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. जुनी प्रोफाइल डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. चार दिवस तरी तो फोल्डर कचऱ्यात टाकू नका.