तुटक रेषा की अखंड रेषा?

नवीन चालक पाट्या पाठ करतात, पण रस्त्यावर रंगवलेलं वाचत नाहीत, याची मला काळजी वाटते. सावदा-फैजपूर रस्त्यावर केळीने भरलेल्या ट्रकमागे अडकलात, तर आधी मधली रेषा बघा.

रेषा तुटक असेल, तर समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसल्यावर, आरसा बघून आणि इंडिकेटर देऊन ती ओलांडून पुढे जाता येतं. रेषा ओव्हरटेकची मुभा देते. समोरून कुणी येत नाही याची हमी देत नाही.

अखंड रेषा म्हणजे ओलांडायची नाही. वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलाजवळ ती असते, कारण तिथे समोरून येणारी गाडी उशिरा दिसते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना हे लगेच पटतं. ट्रक कितीही रेंगाळला, मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला, तरी मागेच राहा. मला विचाराल, तर घाटात ही रेषा भिंतच समजावी.

दोन्ही शेजारीशेजारी असल्या तर? आपल्या बाजूची रेषा पाळायची. आपल्याकडे तुटक असेल तर ओलांडता येते, समोरच्याला मात्र नाही.

पावसाळ्यानंतर रंग पुसट झालेला असतो. तिथे मी अखंडच धरून चालतो.