मानवशास्त्रात एम.ए. करावं का? माझा अनुभव

बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं उत्तर हो, नक्की करा, फक्त डिपार्टमेंट फील्डवर्क किती करून घेतं ते आधी बघा, या डिग्रीचा सगळा जीव त्यात आहे.

सुरुवातीला थिअरी, बोआस, मॅलिनोव्स्की वगैरे या विषयाचा पाया घालणारे अभ्यासक, वाचन प्रचंड. मॅलिनोव्स्की १९१५ ते १९१८ मध्ये पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन लोकांमध्ये राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि आजही मूळ शिकवण तीच, प्रश्नावली घेऊन धावू नका, आधी तिथे राहा. करताना घाम निघतो हं. दिवसभर वहीत तुटक तुटक टिपायचं आणि त्याच रात्री बसून सगळं नीट लिहून काढायचं, स्वतः पाहिलं ते वेगळं, कुणी सांगितलं ते वेगळं, आपल्याला वाटलं ते वेगळं. एक रात्र आळस केला की निम्मं डोक्यातून उडतं. पण मग दिसायला लागतं, म्हणजे औषध नियमित घेता का विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि त्याच घरात चार दिवस जाऊन बसलं की कळतं एकाच्या गोळ्या दोघं वाटून घेतायत.

नोकरीचं म्हणाल तर 'मानवशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच दिसते, काम दुसऱ्या नावाने असतं. यूएक्स रिसर्च (म्हणजे लोक अ‍ॅप, वेबसाइट वगैरे कसं वापरतात याचा अभ्यास), एनजीओ, म्युझियम, पब्लिक हेल्थ. २०१४ च्या इबोला साथीत पश्चिम आफ्रिकेत अंत्यविधीतून संसर्ग पसरत होता, नुसती बंदी घालून लोक ऐकेनात, तेव्हा घरच्यांचा मान राखून सुरक्षित दफन कसं करायचं हे ठरवायला मानवशास्त्रज्ञांची मदत झाली. जैविक शाखा, म्हणजे माणसाच्या शरीराचा, हाडांचा अभ्यास, घेतली तर फॉरेन्सिकही आहे, अर्जेंटिनात लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांचे अवशेष ओळखणारी टीम १९८४ पासून काम करतेय, मला तर हे वाचूनच भरून आलं होतं. कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र पीएचडीची तयारी ठेवा.

तक्रार एकच, आमच्याकडे प्लेसमेंटच्या नावाने शून्य होतं आणि स्टॅटिस्टिक्स जेमतेम, ते बाहेरून शिकावं लागलं. तुम्ही पहिल्या वर्षातच शिकून घ्या, मुलाखतीत हमखास विचारतात.

अ‍ॅडमिशनआधी सीनियर्सना गाठा, डिझर्टेशनसाठी फील्डवर किती आठवडे मिळतात, खर्च कोण देतं, आणि एका गाइडकडे किती विद्यार्थी असतात हे विचाराच, जास्त असतील तर तुमचा ड्राफ्ट कुणी धड वाचत नाही.