वाडीतली मराठी शाळा की तालुक्याचं इंग्रजी माध्यम?

धाकट्याला यंदा पहिलीत घालायचंय आणि घरात वाद पेटलाय.

आमच्या कोकणातल्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा चिऱ्याची, कौलारू, दोन पाणंदी ओलांडल्या की आलीच. फी नाही, बालभारतीची पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी (पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ). पण पट अवघा ९. शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. एक गुरुजी मीटिंगला गेले की चारही इयत्ता एका खोलीत. तरी थोरली तिथेच वाचायला शिकली. ‘ळ’ आणि ‘ल’ची गल्लत गुरुजींनी शेजारी बसवून मोडली. ९ जणांत चुकणारं पोर लपत नाही.

तालुक्याच्या शाळेत वर्गात ४० मुलं, टाय-बूट, सकाळी साडेसहाला व्हॅन. शेजारचा मुलगा स्पेलिंगं धडाधड म्हणतो, अर्थ विचारला की गप्प. फीचं तर बोलूच नका.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे, आणि त्यातली कितीतरी पोरं अशाच छोट्या शाळांतून वर गेलेली. मला खुपतं ते एवढंच, की कबड्डीला दोन संघ होत नाहीत. तरी मी वाडीकडे झुकलोय. बायको अजून नाही.