गुलाबाखाली पिंटो शेंगदाणा: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

गुलाबाच्या पायथ्याशी कायमचं हिरवं आच्छादन हवं असेल, तर पिवळ्या फुलांचा पिंटो शेंगदाणा लावा. सगळे ऋतू बघून झाल्यावर हे ठामपणे सांगतेय. नर्सरीत 'पिंटो पीनट' म्हणून मागितलात की मिळतो. आपल्या खायच्या शेंगदाण्याचा हा भाऊबंद, मूळचा ब्राझीलचा.

आमचा वाफा नाशिकचा, काळ्या मातीचा. त्यात ग्लॅडिएटर जातीचे आणि काही गावठी गुलाबी गुलाब. उन्हाळ्यात जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि जुलैत पावसाच्या माऱ्याने चिखल उडून खालची पानं बरबटायची. काळ्या ठिपक्यांच्या रोगाचे बीजाणू याच उडणाऱ्या पाण्याबरोबर पानांवर चढतात. मला आच्छादन हवं होतं ते मुख्यतः यासाठी.

जूनमध्ये जमीन ओली झाल्यावर कांड्या वीतभर अंतराने टोचल्या. सुरुवातीला पिंटो जागचा हलत नाही, तण मात्र जोरात वाढतं. पहिल्या पावसाळ्यात खुरपणी चुकत नाही, हे धरूनच चाला. पेरापेराला मुळं फुटून जाळं धरलं की तणाला जागा उरत नाही. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, पण तेवढ्यावर विसंबून गुलाबाचं खत तोडू नका. गुलाब खादाड आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोडाभोवतीचं आळं उघडं ठेवा, निदान वीतभर. आपले बहुतेक गुलाब डोळा भरलेले, म्हणजे रानगुलाबाच्या खोडावर कलम केलेले असतात. त्या सांध्यावर हिरवळ चढली तर तिथे ओल धरते आणि डोळ्याखालून निघालेले रानफुटवे वेळेवर दिसत नाहीत. शेणखत, निंबोळी पेंड, पाणी सगळं या आळ्यातच द्यायचं. पिंटोच्या फांद्या दर थोड्या दिवसांनी आत घुसतात; हाताने उचलायच्या आणि कात्रीने छाटायच्या. मी आळ्याच्या कडेने विटांचे तुकडे लावले, तेव्हा हे काम बरंच हलकं झालं.

फरक मे महिन्यात कळला. दुपारी पानं बाजूला सारून बोट खुपसलं तर माती गार आणि भुसभुशीत लागली, भेग नाही. आधी रोज पाणी लागायचं, आता एक दिवसाआड पुरतं. पावसाळ्यात चिखल उडणं जवळजवळ थांबलं. काळे ठिपके पूर्ण गेले नाहीत, पण खालच्या पानांवर कमी आले.

तक्रारी दोन, आणि दोन्ही पावसाळ्यातल्या. गळलेली रोगट पानं हिरवळीत अडकतात. ती वेचून काढावीच लागतात, नाहीतर रोग तिथेच मुक्काम करतो. दुसरी तक्रार गोगलगायींची. ओलसर सावली त्यांना आयतीच मिळते. रात्री बॅटरी घेऊन वेचण्याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा सापडला नाही. त्या वेळी पिंटोची पानं जोडीजोडीने मिटलेली असतात, त्यामुळे खालचं नीट दिसतं.

वाफ्याच्या उन्हाच्या टोकाला ऑफिस टाईम (पोर्टुलाका) लावला. मुळं उथळ, गुलाबाच्या पाण्यात फारसा वाटेकरी नाही, एक कांडी खोचली की जगते आणि भर उन्हाळ्यात फुलांनी भरून जातो. पण सलग पावसात सडतो, म्हणून भिस्त त्याच्यावर नको. थंडीसाठी आळ्याबाहेर मोकळ्या राहिलेल्या पट्ट्यात ऑक्टोबरअखेर अ‍ॅलिसमचं बी टाकलं. मधासारखा वास येतो आणि फुलांवर सिरफिड माश्या येतात. त्यांच्या अळ्या मावा ही रस शोषणारी बारीक कीड खातात आणि मावा नेमका थंडीतच गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर बसतो. दरवर्षी नव्याने पेरायची तयारी असेल तर अवश्य लावा.

पुदिना गुलाबाखाली नकोच. त्याचे धावते फुटवे जमिनीखालून थेट खोडापर्यंत जातात आणि त्यालाही गुलाबाइतकंच पाणी हवं असतं. त्याची जागा कुंडीत. वेडेलियाही पिवळी फुलं दाखवून मोहात पाडतो, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव आहे. नर्सरीवाल्याने 'तेच ते' म्हणून हातात ठेवला तर पान बघा: पिंटोच्या एका देठावर चार गुळगुळीत, लंबगोल पानं असतात, वेडेलियाचं पान खरखरीत आणि दातेरी.

ऑक्टोबरच्या छाटणीला पिंटोही कात्रीने खाली घ्या. गुलाबाच्या फांद्या मात्र त्यावर पडू देऊ नका. आधी जुनं प्लास्टिक अंथरा, म्हणजे काटेरी तुकडे हिरवळीत राहत नाहीत आणि पुढे खुरपताना हाताला लागत नाहीत.