जँगो २.२ वरून ४.२ : आठ महिने वापरल्यावर, आणि ती २३ मिनिटं

आधी हिशेब सांगतो. आठ महिन्यांत आमच्या वाचनालयाचा १४ रुपये दंड बुडाला, आणि तो माझ्यामुळे. चौदा रुपयांसाठी एवढं लांबलचक लिहितो म्हणून हसायचं तर खुशाल हसा.

जँगो म्हणजे पायथन भाषेत वेब ॲप बांधायचा तयार सांगाडा, त्याहून जास्त इथे सांगत बसत नाही. तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, त्याच्या देवघेवीचं ओपन सोर्स वेब ॲप. आणखी दोन वाचनालयं तोच कोड वापरतात. सांभाळणारा मी एकटा, तेही रविवारी, फुकट. २०१९ मध्ये २.२ वर उभं केलं. त्या आवृत्तीचा सपोर्ट एप्रिल २०२२ मध्ये संपला हे मला माहीत होतं. पुढची लांब सपोर्टवाली ३.२ एप्रिल २०२४ मध्ये निवृत्त झाली, तरी मी आपला २.२ वरच. चालतंय ना, मग कशाला हात लावा?

हात लावावा लागला तो सर्व्हरवाल्यांमुळे. जुनं मशीन बंद होणार, नव्यावर पायथन ३.१०, जुनंच हवं असेल तर दरमहा जादा पैसे मोजा. जादा पैसे हा शब्द आमच्या कार्यकारिणीपुढे उच्चारायची सोय नाही. बसलो मुकाट्याने.

ॲपला लागणाऱ्या तयार पॅकेजांच्या यादीत पहिलाच दगड सायकोपीजीचा, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणाऱ्या पॅकेजचा. २०२१ मध्ये त्याची २.९ आवृत्ती आली आणि जँगो २.२ 'डेटाबेस कनेक्शन यूटीसीवर (म्हणजे जागतिक वेळेवर) नाही' म्हणून अडून बसलं. तेव्हा मी '२.९ च्या खालचंच घ्या' अशी ओळ टाकून पुढे 'तात्पुरतं' असं लिहिलं होतं. ते तात्पुरतं चार वर्षं टिकलं. आमच्या वाचनालयाचा पत्र्याचा मांडवही असाच तात्पुरता आहे.

सरळ ४.२ वर उडी मारू नका, ३.२ वर थांबा. तिथे इशारे चालू करून सगळ्या टेस्ट (कोड बरोबर उत्तर देतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवल्या की पुढे काय काय मोडणार ते जँगो स्वतःच ओळीनिशी सांगतं. पानांचे पत्ते नेमणारं जुनं यूआरएल फंक्शन, भाषांतराचं यूगेटटेक्स्ट वगैरे ४.० मध्ये काढून टाकलंय. ती सगळी शोधा आणि बदला छापाची कामं, एका रविवारात उरकली. सीएसआरएफच्या (परक्या साइटवरून येणाऱ्या बनावट विनंत्या अडवणाऱ्या सोयीच्या) विश्वासू पत्त्यांपुढे एचटीटीपीएस लावायला लागतं, पाच मिनिटं. चित्रं हाताळणाऱ्या पिलो पॅकेजच्या १०.० मध्ये अँटीएलियस हे नाव गायब झाल्यामुळे मुखपृष्ठांची छोटी चित्रं बनेनात. तिथे लँकझॉस लिहिलं की झालं. पॅकेज जुनी झाली की आठवण करणारा बॉट मी सुरुवातीला दर आठवड्यावर ठेवला होता. दर सोमवारी सकाळी पाच विनंत्या, वसुलीवाल्यासारख्या. आता महिन्यातून एकदा, किरकोळ सगळं एका गठ्ठ्यात. पहिल्या महिन्यात बॉटला शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतो.

टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, पानं आधीपेक्षा चटकन उघडतात, ग्रंथपालबाई खूश. पाच महिने मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, 'अरे करून टाक, काही होत नाही.'

मग बाईंचा फोन. "अहो, मी काल रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी माझं पुस्तक रिन्यू केलं. मुदत कालचीच होती. दंड लागला नाही. असं कसं?"

असं कसं ते शोधायला तीन रात्री गेल्या. २०२० मध्ये घरबसल्या नूतनीकरण सुरू केलं, तेव्हा एका सभासदाची तक्रार होती की पावणेबाराला नूतनीकरण करूनही एक रुपया दंड लागला. मी तपासलं, मुदत रात्री १२ ऐवजी ११:३७ ला संपत होती. का, ते कळेना. कोडमध्ये २३ मिनिटं मिळवली आणि शेजारी लिहिलं, 'का ते माहीत नाही, पण बरोबर येतं.'

कारण आत्ता कळलं. जुनं जँगो ठिकठिकाणच्या प्रमाणवेळांसाठी पायटीझेड हे पॅकेज वापरायचं. त्याच्याकडे 'आशिया/कोलकाता' मागितलं की ते इतिहासातली सगळ्यात जुनी नोंद हातात ठेवतं, कोलकात्याची स्थानिक वेळ, ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे. साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची, फरक २३ मिनिटांचा. तारीख बघून योग्य नोंद निवडायला लोकलाइझ वापरायचं असतं. मी रिप्लेस वापरून मोकळा झालो होतो, ते हातातली जुनी नोंदच चिकटवतं. म्हणजे आमचं वाचनालय दंडापुरतं एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात चालत होतं. निदान मुंबई टाइम तरी लागायचा, ४ तास ५१ मिनिटांचा. सभासदांना ३९ मिनिटं जास्तीची मिळाली असती.

४.० पासून जँगो त्याऐवजी पायथनचं स्वतःचं झोनइन्फो वापरतं. ते तारीख बघून मुकाट्याने साडेपाच तास देतं. म्हणजे जँगोने माझी चूक दुरुस्त केली आणि माझी २३ मिनिटं तशीच वर बसून राहिली. मुदत १२:२३ ला संपू लागली. आणि टेस्ट? टेस्टमध्येही मी तेच गणित, तीच २३ मिनिटं लिहिली होती. दोन्हीकडे एकच चूक, म्हणून हिरवी. ४.० च्या टिपणांत झोनइन्फोबद्दल ठळक लिहिलंय, मी ते वाचून मानही डोलावली होती.

इतक्या दिवसांत एकाही सभासदाने ब्र काढला नाही. २०२० मध्ये एका रुपयासाठी फोन करणाऱ्यानेही नाही.

तेव्हा मत बदललंय, पण उलट्या दिशेने नाही. अपडेट कराच, मोडतं ते बहुतेक ओरडून मोडतं. फक्त त्याआधी आपल्याच कोडमध्ये 'तात्पुरतं' आणि 'माहीत नाही' हे शब्द शोधा. टेस्टमध्ये गणित लिहू नका, उत्तर लिहा. रात्रीचे १२ म्हणजे यूटीसीत १८:३०, बस्स.

४.२ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच, त्यामुळे ५.२ ची शाखा, म्हणजे कोडची वेगळी प्रत, काढून ठेवली आहे. पायटीझेड तिथे नाहीच. बाईंनी आपला एक रुपया भरून पावती फाडली, उरलेले १३ मी भरले. २३ मिनिटं काढल्याच्या कमिटमध्ये, म्हणजे कोडबदलाच्या नोंदीत, दोन्ही पावत्यांचे क्रमांक टाकले आहेत.