लालबागची नऊ टेबलांची मालवणी खानावळ, आम्ही पाच जण आणि बांगड्याचं तिखलं

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, काल परत जाऊन आले त्यामुळे आज बसलेच. लालबागमध्ये आमच्या जुन्या चाळीपासून पाच मिनिटांवर एक मालवणी खानावळ आहे, एकूण नऊ टेबलं, त्यातलं एक तर भिंतीला असं चिकटवलंय की दोघंच बसू शकतात. नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मालकीणकाकूंनीच मला सांगितलं, "बाय गो, तां नेटावर नाव घालू नको, रविवारची गर्दीच आमका झेपना नाय." आता त्यांनी एवढं सांगितल्यावर मी नाव टाकणं बरोबर नाही. भारतमाता टॉकीजच्या बाजूने आत शिरा आणि रविवारी साडेबाराच्या सुमाराला जिथे फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं नंबर लावून बसलेली दिसतील ना, तेच.

आम्ही पाच जण, एकाच शाळेतले, दहावी १९९६. एक जण विरारला गेला, एक मैत्रीण डोंबिवलीला, एक उलव्याला, एकीला चाळीच्या जागी टॉवर झाला त्यातच घर मिळालं म्हणून ती अजून लालबागकरीण आहे आणि मी ठाण्याला. दर दोन-तीन महिन्यांनी भेटायचं म्हटलं की आधी व्हॉट्सॲपवर आठवडाभर मॉलमधली हॉटेलं सुचवली जातात, फोटो टाकले जातात, मग विरारवाला शेवटी लिहितो, "ते सगळं राहू दे, काकूंकडेच जाऊया," की विषय संपतो. गेली सहा वर्षं असंच चाललंय.

जेवणाबद्दल सांगायच्या आधी एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मते या जागेचं खरं मोठेपण तिच्यात आहे. काल बसल्या बसल्या उलवेवाल्याने नेहमीसारखी सुरमई थाळी सांगितली. मुलगा ऑर्डर लिहून आत गेला आणि मिनिटभरात काकू स्वतः पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "सुरमय घेव नको रे आज. बर्फातली आसा. बांगडो घे, सकाळीच इलो." सुरमई थाळी ४८० रुपये आणि बांगडा थाळी २८०. म्हणजे स्वतःच्या तोंडाने दोनशे रुपयांचं गिऱ्हाईक कमी केलं त्यांनी. मी मुंबईत इतक्या ठिकाणी मासे खाल्लेत, महागड्या ठिकाणीसुद्धा, पण विचारल्यावर सगळीकडे उत्तर एकच, "एकदम फ्रेश आहे मॅडम." न विचारता नको घेऊ म्हणून सांगणारं मला हे एकच हॉटेल माहीत आहे, आणि एकदा नाही, सहा वर्षांत हे निदान चार-पाच वेळा झालंय.

त्यांचा मुलगा पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासे आणायला जातो. मी एकदा त्याला विचारलं होतं की बघतोस काय नेमकं, तर तो म्हणाला, "ताई, कल्ले उघडून लाल आहेत का बघायचं, डोळा बसलेला नको, आणि बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये, मास परत वर आलं पाहिजे." एवढं सगळं आईने शिकवलं म्हणे. लहान पापलेट तो उचलतच नाही. पापलेट आपला राज्यमासा झाला २०२३ मध्ये, आणि सरकारने माशांचे किमान आकारही ठरवून दिलेत, तरी हाताच्या पंज्याएवढी पिल्लं सर्रास तळून वाढणारी ठिकाणं आहेतच की. इथे पापलेट असलं तर मोठं असतं, नाहीतर त्या दिवशी फळ्यावर पापलेट लिहिलेलंच नसतं. फळा म्हणजे खरा काळा फळा, खडूने लिहिलेला, आणि दुपारी दोननंतर त्यावरच्या अर्ध्या ओळी पुसलेल्या असतात.

तर बांगडा. आम्ही तळलेला पण घेतला आणि तिखलं पण घेतलं. दिवाळीनंतरचे दिवस, बांगडा चांगला तेलाला आलेला असतो, आणि तिखलं म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे नेहमीचं नारळाचं पातळ कालवण नाही, जाडसर, लाल, अंगाबरोबर रस, आणि त्यात तिरफळं, म्हणजे कोकणातली मसाल्याची ती छोटी वाळवलेली फळं. तिरफळ चावायचं नसतं, चावलंत तर जीभ पाच मिनिटं बधिर, पण त्याचा जो वास उतरतो ना त्या रसात, लिंबासारखा पण रानटी, तो बांगड्याच्या उग्र वासाला बरोबर धरून ठेवतो. पापलेट-सुरमईला आमच्याकडे कोणी तिरफळ घालत नाही, ते बांगडा-तारल्यांसारख्या तेलकट माशालाच शोभतं. काकूंच्या तिखल्यात तिरफळं अख्खी दिसतात, मोजून पाच-सहा, आणि आंबटपणा कोकमाचा. डोंबिवलीवालीने एकही शब्द न बोलता अख्खा बांगडा काट्यापर्यंत साफ केला, आणि मग भाताबरोबर नुसता रस परत मागून घेतला. रस परत मागितला तर पैसे लावत नाहीत, हे लिहून ठेवा.

बोंबील फ्राय २६० ला सहा तुकडे. इथे बोंबील मधून चिरून, काटा काढून, पाट्याखाली दाबून ठेवतात, पाणी निघून जाईपर्यंत, म्हणून तळल्यावर बाहेरून कुरकुरीत आणि आत अगदी लोण्यासारखा राहतो. बऱ्याच ठिकाणी घाई करतात, दाबतच नाहीत, मग वरचा रवा एकीकडे आणि आतला बोंबील एकीकडे. काल पहिली प्लेट आली तेव्हा विरारवाला गाडी लावायला गेला होता, तो येईपर्यंत थांबूया असं सगळ्यांनी ठरवलं आणि तो येईपर्यंत प्लेटमध्ये फक्त लिंबाची फोड उरली होती. दुसरी मागवली लगेच.

आता शाकाहारी मंडळींसाठी. आमच्यातली लालबागकरीण दोन वर्षांपासून माळकरी आहे, मासमच्छी पूर्ण बंद. पहिल्यांदा तिला वाटलं आपण आता या ग्रुपमध्ये नुसती कोशिंबीर खात बसणार. पण काकूंनी तिला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि गरम वडे वाढले, आणि खरं सांगते, आम्ही सगळे तिच्या ताटात हात घालत होतो. काळे वाटाणे रात्रभर भिजवलेले, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, आणि तो काळपट दाट रस. मालवणी म्हटलं की लोकांना फक्त मासे आणि कोंबडी आठवते, पण कोकणात कितीतरी वार आणि सण बिनामाशाचे असतात, तेव्हा घराघरात हेच शिजतं. तिच्यासाठी भांडं आणि पळी वेगळी वापरतात, तिने कधी सांगितलं नव्हतं तरी. डाळीची पळी माशाच्या कालवणात जात नाही, हे तिने एकदा आत डोकावून स्वतः बघितलं आणि मगच निवांत जेवली.

वडे. तांदूळ, उडीद, धणे, मेथी वगैरे घालून जरा भरड दळलेलं पीठ, हातावर थापलेले, टम्म फुगलेले, आणि कागदावर ठेवले तर तेलाचा डाग जेमतेम उमटेल इतके कोरडे. कोंबडीच्या रश्यात बुडवून खायचे. कोंबडी चांगली आहे पण मला विचाराल तर या ठिकाणी येऊन कोंबडी खाऊ नका, मासे खा, कोंबडी दुसरीकडेही मिळते.

सोलकढीचं मात्र काल जरा बिनसलं. पहिला घोट घेतला आणि खारट लागली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, कोणी बोलेना, शेवटी मीच मुलाला हाक मारली. त्याने चमच्याने चाखली, एक शब्द वाद घातला नाही, पाचही ग्लास उचलून नेले. मग समजलं की गावाहून नवीन आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आलं होतं, आगळात मूळचंच मीठ असतं, आणि या खेपेला ते जास्त होतं, तरी सवयीने वरून मीठ पडलं. दहा मिनिटांत नारळाचं ताजं दूध काढून नवीन कढी आली, फिकट गुलाबी, वर कोथिंबीर, लसणाचा हलका वास. बाहेर हल्ली ती भडक गुलाबी पाण्यासारखी जी देतात, तसली नाही. चूक झाली हे खरंच, म्हणून लिहिलं, पण चूक अशी निस्तरली तर माझी तक्रार राहत नाही.

आता या जागेचा जुना संबंध सांगते, माझ्यासाठी तो महत्त्वाचा आहे. काकूंच्या सासूबाई इथेच, याच खोलीत, गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवायच्या. कोकणातून, घाटावरून माणसं एकटी यायची, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची आणि जेवायला महिन्याच्या बोलीने खानावळीत. कोणी गावी गेलं की तेवढे खाडे वजा करून हिशोब. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या ज्यांच्या चुलीवर कामगार जगले, आणि त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांच्या जोरावर. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे बाबा तेव्हा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मी अगदी लहान, मला आठवत नाही, पण आई सांगायची की संपात खानावळवाल्या बायकांनी कितीतरी दिवस उधारीवर ताटं वाढली आणि पुढे त्यातली किती वसूल झाली ते त्यांनाच ठाऊक. काकूंच्या गल्ल्यामागे सासूबाईंची एक लांब वही अजून ठेवलेली आहे, लाल कापडाची बांधणी, पानं पिवळी पडलेली. एकदा त्यांनी मला उघडून दाखवली. प्रत्येक नावापुढे उभ्या रेघा, जेवणाला एक रेघ, खाड्याला फुली. संपाच्या महिन्यांत रेघा आहेत, पण पैसे मिळाल्याची सही नाही. काही नावांपुढे तर पान संपलं तरी रेघा चालूच. मी ती वही बघून आल्यावर दोन दिवस घरात नीट बोलले नव्हते.

आता गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते सगळ्यांना दिसतंच आहे. काल खिडकीतून बघितलं तर समोर अठ्ठावीस-तीस मजले, आणि खाली ही नऊ टेबलं. टॉवरमधली पोरं पण येतात इथे जेवायला, लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर घेऊन, हे बघून मला फार बरं वाटतं.

काही गोष्टी मात्र आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एसी नाही, चार पंखे आहेत, एप्रिल-मेमध्ये म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका. दारात दोन उंच पायऱ्या आहेत, माझ्या सासूबाईंना चढवताना आम्हाला दोघांनी धरावं लागलं, एक कठडा लावा असं मी दर खेपेला सांगते आणि लवकरच लावतो असं ते दर खेपेला म्हणतात. हात धुवायचं बेसिन एकच, त्यामुळे तिथेही रांग. गाडी अजिबात आणू नका, विरारवाल्याला जागा शोधायला पंचवीस मिनिटं लागली, करी रोड किंवा चिंचपोकळीला उतरून चालत या. सोमवारी बंद. गुरुवारी आणि शनिवारी बरेच लोक मासे खात नाहीत म्हणून फळ्यावर कमी प्रकार असतात पण गर्दीही कमी. जून-जुलैमध्ये मासेमारी बंदीच्या काळात काकू सरळ सुकं काढतात, सुक्या बोंबलाची भाजी, सुकट, जवळ्याची चटणी, बर्फातला मासा आणून ताजा म्हणून वाढत नाहीत. श्रावणात महिनाभर फक्त शाकाहारी.

रविवारी एक ते अडीच गेलात तर जेवून झाल्यावर बसू देत नाहीत, बाहेर माणसं उभी असतात, मुलगा येऊन हळूच बडीशेप ठेवतो, की समजायचं. आम्हाला हे माहीत आहे म्हणून आम्ही पावणेतीनला जातो. तेव्हा मासे कमी उरलेले असतात पण टेबल आपलं. काल साडेचार वाजेपर्यंत बसलो होतो. ताटं उचलायला कोणी आलं नाही, आम्हीही उठलो नाही, हात वाळून गेले, बोटांवर रश्श्याची पिवळी पापडी धरली तरी गप्पा चालूच. उलवेवाल्याची नोकरी गेलीय ऑगस्टमध्ये, ग्रुपवर त्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं. काल तिखल्याचा दुसरा वाडगा संपल्यावर बोलला. तीन महिने मनात ठेवलं होतं त्याने. मॉलमधल्या त्या मोठ्या आवाजाच्या गाण्यांत तो बोलला असता असं मला नाही वाटत. काकू तेवढ्यात आतून आल्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्याच्या पानात एक गरम वडा टाकून म्हणाल्या, "जेवलस मां पोटभर?" तो फक्त मान हलवत राहिला.

पाच जणांचं बिल २,१४० झालं, दोन प्लेट बोंबील, तीन बांगडा थाळ्या, एक वाटाणा थाळी, एक कोंबडी वडे, वरचे वडे आणि तिखलं धरून. सोलकढीचे पैसे लावलेच नाहीत, आम्ही द्यायला गेलो तर मुलाने घेतले नाहीत. जीपे चालतं, कार्ड नाही.

मार्गशीर्ष लागायच्या आत अजून एकदा जायचं ठरलंय, अमावास्येच्या जवळचा रविवार बघून, कारण तेव्हा कुर्ल्या, म्हणजे खेकडे, भरलेल्या मिळतात असं काकू सांगतात. कुर्ल्या आदल्या दिवशी फोन करून सांगाव्या लागतात. पाच जणांच्या दहा सांगून ठेवल्यात, आणि काळे वाटाणे वेगळ्या भांड्यात.