सिकाडाची नवी जात: आवाजावरून की अवयवांवरून?

मे महिन्यात गोव्यातल्या मोलेच्या रानात तिन्हीसांजेला सिकाडांचा, म्हणजे झाडांवर कर्कश ओरडणाऱ्या किड्यांचा, गजर सुरू झाला, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. नराची साद जातीगणिक वेगळी, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती रेकॉर्डिंगवरून, किडा न मारता वेगळ्या काढता येतात. पण मादी गप्प. म्हणजे निम्मी मंडळी सुटलीच!

दुसरी वाट डोळे ताणून बघण्याची: पोटाच्या टोकाकडचे नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. पंखांवरचे ठिपके फसवतात, हे अवयव सहसा नाही. शिवाय २००० सालापासून नव्या जातीला नाव देताना मूळ नमुना (ज्याला ते नाव कायमचं जोडलं जातं तो) ठरवणं प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमानेच बंधनकारक आहे. म्हणून माझं झुकतं माप टाचणीवरच्या नमुन्याला. मात्र आधी साद टिपा, मग जाळं काढा; अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय नकोच.